दीडकी आणि वर दहावा हिस्सा

४ मार्च

बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न उघडता ड्रॉवरमध्ये टाकशील हे मला ठाऊक आहे, म्हणून पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात ‘बाबांबद्दल’ असं लिहिलं आहे. घाबरू नकोस, आहेत. पण जानेवारीत दुकानाच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून अंथरुणावर आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं हाड जुळतं तेवढं जुळलं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पुढचं त्या बोलत नाहीत, नुसत्या माझ्या खांद्यावर हात ठेवतात. मला खांद्यावर हात ठेवणारी माणसं मुळीच आवडत नाहीत.

त्यांची खाट मी वरच्या मजल्यावरून खाली दुकानात आणली. तुझं आणि माझं कामाचं टेबल होतं तिथे, रस्त्याकडच्या खिडकीशी. मीटरचं काम बंद होऊन नऊ वर्षं झाली. आता गाड्यांची मीटरं आतून उजळतात, त्यांच्या तबकड्या हाताने रंगवायला कोण येणार? पण शटर मी रोज उघडते. बाबा पडल्यापडल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकतात आणि वेग सांगतात. “बावन्न.” “अडतीस, आणि गिअर चुकीचा टाकलाय.” मी त्यांना म्हटलं, खरं की खोटं कोण तपासणार? तर म्हणाले, “बारकी येऊ दे, ती तपासेल.”

इथेच सगळं सुरू झालं. कधी ते भानावर असतात, कधी नसतात. नसतात तेव्हा त्यांना वाटतं, तू नेहमीसारखी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून, स्टॉपवॉच घेऊन, या मैलाच्या दगडापासून त्या दगडापर्यंत मीटर तपासायला गेली आहेस आणि तुला उशीर होतो आहे. आज संध्याकाळी विचारलं, “किती लांब गेली?” तू गेलीस तेव्हा मी नकाशावर दोरा लावून अंतर मोजलं होतं, तेच तोंडातून निघालं. म्हटलं, बेचाळीसशे मैल.

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. दीडकी म्हणत होते. आठवतं ना? मैलाचे किलोमीटर करायचे तर त्या आकड्याची दीडकी म्हणायची आणि वर दहावा हिस्सा घालायचा. पन्नासाची दीडकी पंचाहत्तर, वर पाच, झाले ऐंशी. म्हणाले, “सहा हजार सातशे वीस. बराच पल्ला आहे. परत फिरली का?” मी हो म्हटलं. म्हणाले, “रोज किती येते?” मी म्हटलं, शंभर मैल.

तर आता तू निघाली आहेस, बारके. रोज शंभर मैल. हिशेब तुझा तू कर, तुला बेचाळीस दिवस आहेत. फोन नंबर तू कधी दिला नाहीस म्हणून हे लिहिणं. नाहीतर एका वाक्यात सांगितलं असतं, ये.

झालं गेलं त्याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. चूक कुणाच्या हातून होत नाही? तुझ्याही झाली. सत्तावीस वर्षं झाली त्याला. मी ती कधीच तुझ्यावर धरलेली नाही.

ताई


१८ मार्च

बारके,

तुझं कार्ड आज मिळालं. दोन ओळी. ‘येणं जमणार नाही. मी दिलेले आकडे बाबांना चालत नाहीत.’ दरवर्षीच्या कार्डावर निदान थंडीबद्दल तरी एक ओळ असते.

मी रागावलेले नाही. खोटं कशाला बोलू, रागावले होते. सकाळभर भांडी आपटली. बाबांनी विचारलं, आज काय घरात साठच्या वेगाने चाललंय?

आज अठ्ठावीसशे मैल राहिले. बाबांची एक गंमत सांगते. संध्याकाळी पाच वाजले की ते चष्मा मागतात. दिसत काही नाही, पण आकडा ऐकायला चष्मा लागतो. मी सांगते अठ्ठावीसशे, ते दीडकी म्हणतात, बेचाळीसशे, वर दोनशे ऐंशी. चव्वेचाळीसशे ऐंशी. मग ‘वरचा कण सोडून’ असं पुटपुटतात. दर मैलामागे जो जरासा कण आपल्या हिशेबातून सुटतो, तो ते आजही विसरत नाहीत. परवा म्हणाले, छोट्या अंतराला त्या कणाचं काही वाटत नाही, पण आपलं माणूस लांब असलं की कण साठतो. बेचाळीसशे मैलांना एकोणचाळीस किलोमीटर होतात, मी कागदावर करून बघितलं. म्हणजे तुझ्या-माझ्यामध्ये एकोणचाळीस किलोमीटर असे आहेत, जे आपल्या घरात कुणी कधी मोजलेच नाहीत.

आठ वर्षांपूर्वीच्या कार्डावर तू चुकून एक ओळ जास्त लिहिली होतीस. कामावर बसने जातेस, बारा मैल, आणि बस तीस मैलांच्या पुढे कधी जात नाही, वैताग येतो, असं. ते कार्ड माझ्या उशीच्या खोळीत आहे. मी त्याचे एकोणीस किलोमीटर केले, वेगाचे अठ्ठेचाळीस केले. आणि मग लक्षात आलं की मैल धरा नाहीतर किलोमीटर धरा, वेळ निघतो चोवीस मिनिटं. तुझ्या सगळ्या आयुष्यातली एवढी चोवीस मिनिटं मला माहीत आहेत. तू खिडकीशी बसतेस. तू कायम खिडकीशी बसायचीस आणि मला कडेला बसवायचीस, शहाणे. सकाळी इथे काहीही करत असले तरी मनात येतं, आता बारकी बसमध्ये असेल. मग तिकडची वेळ वेगळी आहे हे आठवतं आणि स्वतःचंच हसू येतं.

मला तुझी फार आठवण येते. हे मी तुला याआधी कधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की हात दुसरीकडेच वळतो.

बाबांना आकडे तुझेच हवे आहेत. ये ना गं.

ताई


२६ मार्च

बारके,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी एक युक्ती केली. आज दोन हजार मैल राहिले होते. रोज शंभर म्हणजे वीस दिवस. वीस दिवसांत तू येणार नाहीस हे मला कळून चुकलं. एकविसाव्या दिवशी मी त्यांना काय सांगू? की पोचली, पण दारात कुणीच नाही?

म्हणून पाच वाजता त्यांना म्हटलं, बाबा, बारकी आता मैलांच्या देशाबाहेर आली, आता इथून पुढे पाट्या किलोमीटरच्या. त्यांनी दीडकी केली. तीन हजार, वर दोनशे. बत्तीसशे. खूश झाले. “आली म्हणजे आपल्या हद्दीत,” म्हणाले. मी उद्यापासून रोज शंभर किलोमीटर कमी करणार. म्हणजे वीसच्या जागी बत्तीस दिवस मिळाले. बारा दिवस मी हवेतून काढले, बघ. कोण म्हणतं मला हिशेब येत नाही.

युक्ती करून झाल्यावर मात्र चहा तसाच मोरीत ओतला.

आज उगाच ते वर्ष डोळ्यांपुढे येतं आहे. सरकारने मैल बंद केले, रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या एका महिन्यात किलोमीटरच्या झाल्या, आणि गावातली प्रत्येक गाडी मीटर बदलायला आपल्या दारात. मीटर तेच, काटा तोच, तबकडीवरचं लिखाण तेवढं बदलायचं. तू रॉकेलच्या बोळ्याने ‘मैल’ पुसून तिथे ‘कि.मी.’ लिहायचीस आणि मागे पांढरा ठिपका द्यायचीस. मग ती माझ्याकडे. मी कर्कटकाने नव्या खुणा पाडून जुने आकडे पुसायचे, नवे लिहायचे, जिथे पन्नास होते तिथे ऐंशी, आणि मागे लाल ठिपका. पांढरा आणि लाल, दोन्ही ठिपके दिसल्याशिवाय बाबा तबकडी मीटरला लावायचे नाहीत. दिवसाला तीस-तीस तबकड्या. बोटांचा रॉकेलचा वास जाता जात नव्हता. तू म्हणायचीस, लग्नातसुद्धा मला हाच वास येणार, आणि तुझा तो, दूधगाडीवाला, हसायचा.

त्या दुपारी मला ताप होता. एकशे दोन. तुलाही आठवत असेल. मी वर जाऊन पडले आणि माझ्या उरलेल्या तबकड्या तू केल्यास. एवढंच मी तेव्हा सांगितलं होतं आणि ते खरं होतं. ताप खरा होता, बारके.

ताई


२ एप्रिल

बारके,

हे पत्र पार्सलमध्ये आहे. पार्सलमध्ये दुसरंही काहीतरी आहे, ते मऊ फडक्यात गुंडाळलेलं. ते आधी उघडू नकोस. आधी हे वाच. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक.

परवा संध्याकाळी मी सांगितलं, सत्तावीसशे. बाबांनी चष्मा काढला. नजर स्वच्छ होती, पूर्वी मीटर उघडताना असायची तशी. म्हणाले, “मैल होते तेव्हा रोज शंभर. किलोमीटर झाले तरी रोज शंभरच?”

मी म्हटलं, रस्ता खराब असेल.

म्हणाले, “शब्द बदललास आणि आकडा तोच ठेवलास. तेव्हाही हेच झालं होतं.”

माझ्या हातात त्यांच्या औषधाचा चमचा होता. तो मी धरूनच उभी राहिले. ते खिडकीकडे बघत होते. एक ट्रक गेला, त्याचा वेग त्यांनी सांगितला नाही. मग म्हणाले, “ठिपका ब्रशचा होता. बारकी काडेपेटीतल्या काडीने द्यायची.”

आता ऐक. माझी एक खोड होती, तुला माहीत नव्हती, कुणालाच नव्हती. लाल रंगासाठी वेगळा ब्रश घ्यावा लागायचा आणि तो दर वेळी धुवायचा मला कंटाळा. म्हणून एका बैठकीत जेवढ्या तबकड्या करायच्या, तेवढ्यांना मी आधीच मागून लाल ठिपके देऊन टाकायचे. मग सावकाश आकडे. सकाळच्या बैठकीत सहा होत्या. सहाही ठिपके दिले, पाच तबकड्यांचे आकडे लिहिले. सहावी तुझ्या त्याच्या दूधगाडीची होती. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, बाजूला, वर्तमानपत्रावर. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची गाडी, तिचे आकडे जरा वळणदार काढावेत, अशी माझी हौस. तेवढ्यात थंडी वाजून आली. मी वर जाताना तुला सांगितलं, ट्रेमधल्या चार कर. वर्तमानपत्रावरची सांगायची राहिली.

तू ट्रेमधल्या चार केल्यास, काडीने ठिपके दिलेस. बाबांनी विचारलं, झाल्या का सगळ्या? तू म्हणालीस, झाल्या. ती तबकडी त्यांनी उचलली, मागे पांढरा आणि लाल बघितला आणि लावली. पुढून बघितली नाही. परवा मला म्हणाले, “काटा बसवताना मी शून्य बघतो. शून्य दोन्हीकडे शून्यच असतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं, गाडी दुधाने भरलेली, आणि कालव्याच्या वळणावर नवीकोरी पाटी. चाळीस. त्याने काटा बघितला, काटा चाळीसवर होता. खाली ‘कि.मी.’ लिहिलेलं होतं, तुझ्या सुंदर अक्षरात. पण आकडे मैलांचे होते. तो चौसष्टने वळणावर आला होता. गाडी उलटली आणि त्याचा पाय खाली सापडला.

मीटर उघडलं तेव्हा आपण तिघं टेबलाशी होतो. बाबांनी विचारलं, आकडे कुणी केले? तू पांढरीफटक पडलीस आणि म्हणालीस, “दुपारच्या मी केल्या.” तबकडीची मागची बाजू तू बघितलीच नाहीस, तुझे डोळे भरले होते. मी बघितली होती. गोल, भरदार, ब्रशचा ठिपका. आणि मी म्हटलं, “मी तर तापाने वर पडले होते.”

एवढंच. एक वाक्य, त्यात खोटं काहीच नाही. त्याच्यावर मी सत्तावीस वर्षं जगले.

तू दवाखान्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि सांगितलंस, माझ्यामुळे झालं. त्याचा पाय तसाच राहणार असं कळलं, तरी तो लग्नाला तयार होता. तूच म्हणालीस की रोज त्याच्या पायाकडे बघणं मला जमणार नाही. बाबा तुला म्हणाले, आकडे तुझ्या हाती द्यायला नको होते. सहा महिन्यांनी तू गेलीस. बसच्या खिडकीतून तू मला सांगितलंस, ताई, बाबांना जप. तू मला सांगितलंस. बस वळेपर्यंत खरं सांगायला वेळ होता.

परवा मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, “तेव्हा मीही मागचा ठिपका बघितला नव्हता, रागच एवढा होता. ती गेल्यावर कधीतरी तुझ्या खणात तबकडी सापडली. वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. मग वाटलं, बोललो तर तूही जाशील. आणि पुढून बघायचं काम माझं होतं.”

फडक्यात तीच तबकडी आहे. उलटून बघ. मी तुला त्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तुझी चूक मी तुझ्यावर धरलेली नाही. ते वाक्य तू फाडून टाक. मला ते आठवलं की अंगावर काटा येतो.

माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

ताई


८ एप्रिल

बारके,

पार्सल अजून पोचलंही नसेल, तोवर दुसरं पत्र. पण हे तुला कळायला हवं.

मी डेअरीवर गेले होते. तो तिथे वजनकाट्यावर बसतो, तुला ठाऊक नसेल. केस पिकलेत. बायको चांगली आहे, दोन मुली आहेत, थोरली त्याच्यासारखीच मोठ्याने हसते. पाय लांब करूनच बसावं लागतं. मला बघून नेहमीसारखं विचारलं, काय म्हणते ती? सत्तावीस वर्षांत रस्त्यात जेव्हा जेव्हा भेटला, तेव्हा त्याने हेच विचारलं, आणि मी दर वेळी म्हटलं, मजेत आहे. आज म्हटलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मागे कॅन घेऊन माणसं खोळंबली होती.

तो काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “इंजिन ओरडत होतं. माझ्या कानाला कळत होतं. मी काट्यावर विश्वास ठेवला, कारण तो तुमच्या घरचा होता.”

मी म्हटलं, मला काय बोलायचं ते बोल. तो म्हणाला, मला सांगून काय उपयोग, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, लिहिलं आहे. मग त्याने पुढच्या माणसाचा कॅन काट्यावर घेतला. मी निघाले तर मागून हाक मारली आणि म्हणाला, मला तिचा कधीच राग आला नव्हता, हेही लिही. म्हणून लिहिते.

बाबांना मी खरा आकडा सांगितला. म्हटलं, बारकी बेचाळीसशे मैलांवरच आहे, बाबा, एक मैलसुद्धा हललेली नाही, मधलं सगळं मी रचलं. मला वाटलं, ते मोडून पडतील. ते म्हणाले, “बरं. मग रोज हाच सांगत जा.” तेव्हापासून पाच वाजता ते चष्मा मागतात, मी म्हणते बेचाळीसशे, ते म्हणतात सहा हजार सातशे वीस, वर एकोणचाळीस सुटतात. जेवण अर्ध्यावर आलं आहे. काल चष्मा मागायला साडेपाच झाले.

तू येऊ नकोस असं ठरवलंस, तर मला कळेल. पण मग निदान एक ओळ त्यांना लिही, माझ्या नावाने नको. दुकानाच्या पत्त्यावर, त्यांच्या नावाने. मी फोडणार नाही, नुसती वाचून दाखवीन. बघ, काय लिहिते मी. फोडल्याशिवाय वाचणार कशी?

ताई


२३ एप्रिल

बारके,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुझ्या खोलीत, उशीवर ठेवते आहे. समोरासमोर मी काय बोलेन याचा भरवसा नाही. बहुतेक ‘चहा टाकू का’ एवढंच बोलेन.

तुझं पत्र एकोणीस तारखेला आलं. बाबांच्या नावाने होतं. वाचून दाखवताना माझा आवाज सारखा बसत होता, तर बाबा म्हणाले, पाणी पी आणि पहिल्यापासून वाच. तुझी वाक्यं मला आता पाठ आहेत. ‘तबकडी तीन दिवस टेबलावर होती. ताईला माफ केलं असं लिहायला बसले, लिहिता आलं नाही. मी बाबांसाठी येते आहे. तिच्याशी काय बोलायचं ते ठरलेलं नाही.’ ठीक आहे. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही. वाटलं, पण त्याचा मला हक्क नाही.

आणि खालचं ते. ‘विमान ताशी साडेपाचशे मैलांनी येतं. बाबांना सांगा, किलोमीटर करून ठेवा.’

बारके, तू त्या माणसाचं काय केलंस ते तुला सांगते. चष्मा मागितला, सकाळचे अकरा वाजले होते तरी. साडेपाचशेची दीडकी आठशे पंचवीस, वर पंचावन्न. “आठशे ऐंशी,” म्हणाले, आणि हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. मग मला कागद-पेन्सिल घ्यायला लावून भागाकार करायला लावला. आधी मैलांत. सात तास अडतीस मिनिटं. मग म्हणाले, आता किलोमीटरमध्ये कर. मी म्हटलं, बाबा, तेच येणार. तर म्हणाले, “करून बघ. तू न बघता सांगतेस.” केलं. सात तास अडतीस मिनिटं. “तासांना दीडकी लागत नाही,” म्हणाले आणि मला दाढीचं सामान आणायला पाठवलं.

चार दिवस झाले, जेवतात. पाच वाजता आकडा विचारत नाहीत. तास विचारतात. आज सकाळी सांगितलं, उद्या या वेळी बारकी हवेत असेल. डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण या वेळी त्या हसत होत्या, म्हणून चालवून घेतलं.

तुझी खोली झाडली. खिडकीशी खाट तुझीच आहे, मी कधी तिथे झोपले नाही. बोटांना रॉकेलचा वास यायचा तो आता कुठेच नाही, तुला चुकल्यासारखं वाटेल.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. ‘तबकडी घेऊन येते. पांढरा रंग आणि आकड्यांचा बारीक ब्रश असेल तर काढून ठेव. आकडे तू माझ्यासमोर लिहायचे.’ रंग वाळून दगड झाला होता, नवा आणला. ब्रश आहे, तोच, त्याचे केस मी साबणाने धुतले. काल एका पत्र्यावर सराव केला. ऐंशी काढताना माझा आठ सारखा कलतो. वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मग म्हटलं, आता पुरे, खोटं नको. भीती वाटते.

आकडे मी लिहीन, बारके. तू समोर बस आणि बघ. पन्नासच्या जागी ऐंशी, चाळीसच्या जागी चौसष्टची खूण, सगळे, एकही न सोडता. जुना लाल ठिपका मी आधी पुसून टाकीन, पण नवा देणार नाही. टेबलावर लाल रंग आणि काडेपेटी ठेवली आहे. तू पुढून नीट बघ, आणि बरोबर असले तर ठिपका तू दे.

ताई